न बोलणारा खलपुरुष

कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला, की तो बोनस, कंत्राटी पद्धत नाहीतर नव्या कामगार संहिता ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. ती खोटीही नाही. तरी ह्या वर्षी आम्ही विषय घेतला तो चित्रपटातल्या आणि खेळण्यातल्या दुष्टांचा. त्यातही जो दुष्ट फारसा बोलत नाही, ज्याचे तोंड नीट दिसत नाही आणि ज्याच्याविषयी कोणाला काही ठाऊक नसते, त्याचा. कार्यकर्ते मित्र हसले. "नाना, हा काय पोरखेळ काढलात?" असे एकाने विचारलेही. विषय पोरखेळाचाच आहे. पण ह्या पोरखेळाने एकदा आमच्याकडून अकरा माणसांचे नुकसान करविले, आणि ते कसे झाले हे समजून घेण्यासाठी आम्हांला पुष्कळ मागे जावे लागले. वाचकांनीही थोडे मागे यावे, एवढीच विनंती.

आमचे बालपण तळवड्यात गेले. तेव्हा तळवडे हे खेडे होते. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला चिखली, आणि पलीकडे इंद्रायणी. महानगरपालिकेत गाव आले ते १९९७ साली. सॉफ्टवेअर पार्क वगैरे पुढची गोष्ट. दिवाळीत प्रत्येक आळीत मातीचा किल्ला होई. त्यावर अळीव पेरायचे, वर शिवाजी महाराज बसवायचे, बुरुजावर मावळे आणि पायथ्याशी गवळण, वाघ, विहीर असा संसार मांडायचा. मावळे पुष्कळ असत. शत्रू मात्र मिळत नसे. कुंभार मावळे करी, शत्रू करीत नसे. मग लढाई करायची तरी कोणाशी?

आमच्या किल्ल्याला शत्रू मिळाला तो जत्रेत. चार आण्याला एक प्लास्टिकचा शिपाई घेतला. काळपट हिरवा, हातात काहीतरी धरलेले, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत फुगवटा. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड तर नाहीच. पोरांनी त्याचे नाव ठेवले 'मुका'. मुका किल्ल्याखालच्या गुहेत राही. तो कधी बाहेर येतो, काय खातो, त्याच्या हातात भाला आहे की बंदूक, ह्यावर आमच्यात मारामाऱ्या होत. मावळ्यांची नावे आम्ही विसरलो. ती दर वर्षी बदलत. मुका मात्र पाच दिवाळ्या टिकला. आणि मौज अशी की खेळ सुरू झाला की महाराजांच्या बाजूने लढायला सगळे तयार असत, पण हातात धरायला प्रत्येकाला मुकाच हवा असे.

हे असे का होते? सज्जनावर प्रेम करणाऱ्या पोराला हातात दुर्जन का हवा? आणि दुर्जनांतही बडबड्या दुर्जनापेक्षा मुका दुर्जन का हवा?

पहिले उत्तर आपल्या घरातच आहे. 'बागुलबुवा येईल' असे सांगून ज्याला झोपविले नाही असे मराठी मूल विरळा. आता ह्या बागुलबुवाचे वर्णन कोणी करून दाखवावे. त्याला शिंगे आहेत का? तो उंच की ठेंगणा? आईने ते कधी सांगितले नाही, आजीनेही नाही. राक्षसाचे वर्णन असते, ब्रह्मराक्षसाचे असते, पुतनेचे तर तपशीलवार असते, बागुलबुवाचे नसते. पुतना गोष्टीत मरते आणि मूल निर्धास्त झोपते. बागुलबुवा मरत नाही, कारण त्याला अंगच नाही. ज्याला ज्याची भीती, त्याने तसा बागुलबुवा करून घ्यावा. अंधाराला भिणाऱ्याचा अंधारात बसतो, कुत्र्याला भिणाऱ्याचा गुरगुरतो. पिढ्यान् पिढ्यांच्या आयांनी हे शास्त्र न शिकता ओळखले होते: भय दाखवायचे असेल तर फार सांगू नये.

दुसरे उदाहरण कोकणचे. रात्रपाळीत डबे उघडले की आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत सगळा महाराष्ट्र एका बाकावर बसतो. तिथे चिपळूणकडच्या एका सोबत्याने शिमग्यातल्या संकासुराचे वर्णन ऐकविले. काळा पायघोळ अंगरखा, डोक्यावर निमुळती काळी टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. दशावतारी नाटकातला संकासुर बोलतो, मालवणीत चेष्टा करतो, लोकांना हसवितो. रत्नागिरीकडच्या खेळ्यांतला संकासुर मात्र घुंगरांनी आणि धावण्यानेच आपले काम करतो. तो दिसण्याआधी घुंगरे ऐकू येतात आणि पोरे पडवीतून माजघरात पळतात. तोच सोबती पुढे म्हणाला, "पळायचो, पण दार पुरतं लावायचो नाही. फट ठेवायचो." ही फट फार महत्त्वाची आहे. भीतीही हवी आणि पाहायलाही हवे, ही माणसाच्या मनाची जुनी तऱ्हा. मुका खलपुरुष ह्या फटीतच राहतो.

आता चित्रपटाकडे येऊ. आपल्याकडचे पहिले चित्रपट मुकेच होते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. बोलपट आला तो १९३१ साली 'आलमआरा'च्या रूपाने, आणि मराठीत १९३२ साली 'अयोध्येचा राजा'. मधल्या अठरा-एकोणीस वर्षांत पडद्यावरचा प्रत्येक दुष्ट मुका होता. त्यांपैकी दोन आमच्या विषयाला फार उपयोगाचे आहेत, आणि दोन्ही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतले आहेत.

पहिला कीचक. पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात आर्यन चित्रपटगृहात लागला. त्यातला भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला होता, की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या आणि पुढे तो भाग सरकारने कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटले ते ह्याच चित्रपटानंतर. पण पुण्याच्या प्रेक्षकाला हा कीचक नवा नव्हता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ चे. त्यातला कीचक हा लॉर्ड कर्झन, द्रौपदी ही हिंदभूमी, आणि सोशिक धर्मराज व संतापी भीम हे मवाळ व जहाल, हे नाटकात कोणी सांगत नाही. सांगण्याची गरजच नव्हती. पिटातला माणूस ते मनाशी जुळवून घेत होता. सरकारला हे उमगले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. सरकारने बंदी घातली ती नाटकात लिहिलेल्या शब्दांवर, पण सरकार भ्याले होते ते न लिहिलेल्या शब्दांना. दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर आला, तो अक्षरशः मुका होऊन. त्याच्या मुक्या ओठांत कोणते शब्द घालायचे, हे पुण्याच्या प्रेक्षकाला शिकवावे लागले नसेल.

दुसरा खलपुरुष सावकाराचा. 'सावकारी पाश' १९२५ चा, नारायण हरी आपटे ह्यांच्या कथेवरचा. त्यात तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम ह्यांनी केले होते. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजुरी करतो. इंग्रजी राज्यात देवादिकांचे चित्रपट निघत असताना हा चित्रपट साध्या माणसावर निघाला, म्हणून त्याचे नाव आजही आदराने घेतात. आमच्यासारख्याला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सावकाराला शिंगे नसतात, हातात तलवार नसते. त्याच्या हातात कागद असतो. कागद बोलत नाही आणि ओरडतही नाही. अंगठा उमटला की तो पेटीत जाऊन पडतो आणि वर्षांनी बाहेर येतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्या लेखी तो कागद म्हणजे बागुलबुवाच. आमच्या पंचक्रोशीत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची लेकरे आज त्याच जमिनीवरच्या कारखान्यांत पाळी करतात. तेव्हा 'सावकारी पाश'ची गोष्ट आम्हांला फार लांबची वाटत नाही.

बोलपट आला आणि दुष्टांना वाचा फुटली. मग ते इतके बोलू लागले, की नायकाला मारण्याची संधी आली तरी आधी भाषण करू लागले. प्रेक्षक त्यांचे संवाद पाठ करतात, लग्नाच्या मांडवात म्हणून दाखवितात, आणि त्या संवादांबरोबर त्यांची भीतीही विरघळून जाते. पाठ झालेल्या गोष्टीला कोण भिणार?

'शोले' १९७५ चा. आम्ही तो पुढे चार-पाच वर्षांनी जत्रेतल्या तंबूत पाहिला, मातीवर बसून. त्यातला गब्बरसिंग बोलघेवडाच आहे. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि गणपतीत कर्ण्यावरून वाजल्या. पण तो पडद्यावर प्रथम येतो कसा, ते आठवून पाहावे. आधी दिसतात ते खडकावर चालणारे बूट आणि ऐकू येतो तो दगडावर घासणारा पट्टा. तोंड नंतर. त्याच्याही आधी त्याच्या नावाने गावचे गाव दडपलेले आपण पाहिलेले असते. आणि त्याच चित्रपटात खडकावर बंदूक घेऊन बसलेला सांभा आहे. मॅक मोहन ह्या नटाने ते काम केले. सरकारने सरदाराच्या डोक्यावर किती बक्षीस लावले तो आकडा सांगणे, हेच त्याचे लक्षात राहणारे बोलणे. इतक्या मोठ्या चित्रपटात एवढेसे बोललेला नट पन्नास वर्षे लोकांच्या लक्षात राहिला. आमच्या आळीत सांभा होण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागत, कारण सांभाला उंचावर बसायला मिळे आणि काही पाठ करावे लागत नसे.

पुढच्या पिढीला असाच मोह झाला तो महेश कोठारे ह्यांच्या 'धडाकेबाज'मधल्या कवट्या महाकाळाचा. हा चित्रपट १९९० चा. कवट्या मुका नाही, दरडावून बोलतो. पण तोंडावर कवटीचा मुखवटा असल्याने बोलणारा कोण हे झाकलेलेच राहते. त्या सुमारास आमच्या वस्तीत पुठ्ठ्याची कवटी करून तोंडाला बांधणारी पोरे दर रविवारी दिसत. लक्ष्मीकांत बेर्डे होणारी पोरे त्यांना शोधत फिरत. तीनच वर्षांनी 'झपाटलेला' आला. त्यात तर बाहुलाच दुष्ट होतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये ह्यांनी केलेला तात्या विंचूचा बाहुला पाहून किती मुलांनी आपली बाहुली रात्री कपाटात कोंडली असेल! इथे खेळण्याचा दुसरा अंग दिसतो. खेळणे मुके असते तोवर आपण त्याचे धनी. ते आपणहून बोलू लागले, की धनीपण संपले.

हे सगळे आमच्या मनात सुटेसुटे होते. ते एका ठिकाणी जुळले ते एका परदेशी खेळण्याची हकीकत वाचनालयात वाचली तेव्हा. अमेरिकेतल्या 'स्टार वॉर्स' नावाच्या चित्रमालिकेत बोबा फेट म्हणून एक भाडोत्री शिकारी आहे. डोक्यापासून हनुवटीपर्यंत शिरस्त्राण, डोळ्यांच्या जागी एक काळी खाच, पाठीला उडण्याचे यंत्र, चिलखतावर जागोजाग पोचे. मोठ्या पडद्यावर तो आला १९८० साली, आणि त्या पूर्ण चित्रपटात त्याला जेमतेम चार वाक्ये आहेत. तरी त्या मालिकेतल्या अतिप्रिय पात्रांत त्याची गणना होते. कारण काय?

कारण असे, की चित्रपटाच्या आधी त्याचे खेळणे घरोघर पोचले होते. केनर नावाच्या कंपनीने १९७९ साली अशी जाहिरात केली, की आमच्या खेळण्यांच्या वेष्टनांवरचे चार शिक्के कापून पाठवा, आम्ही हा नवा बाहुला टपालाने पाठवू. म्हणजे चित्रपट येण्यापूर्वीचे कित्येक महिने लाखो मुलांच्या हातात एक शिरस्त्राणधारी माणूस होता आणि त्याची गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. ती ज्याची त्याने रचली. मग चित्रपट आला. त्यात हा माणूस आला, उभा राहिला, चार शब्द बोलला आणि गेला. ज्या मुलाने जी गोष्ट रचली होती तिला त्याने कुठेच खोटे पाडले नाही. आमच्या मुक्याचेही हेच होते. त्याने आम्हांला कधी खोटे पाडले नाही.

आणखी एक बारकावा. त्या चित्रपटात मुख्य खलनायक पुष्कळ शिकाऱ्यांना कामगिरी सांगतो. पण बोट उगारून एकट्या बोबाला बजावतो, की ह्या खेपेला कोणाची राख करायची नाही. बोबाने काही केलेले आपण पाहिलेले नसते. पण ज्याला सारे भितात तो ह्याला बजावतो, तेव्हा हा काय असेल, असे प्रेक्षक मनाशी म्हणतो. थोडक्यात, मुक्या माणसाचे वजन मुका माणूस वाढवीत नाही. भोवतालची माणसे त्याच्याकडे कशी पाहतात, त्यावर ते वाढते. 'शोले'तले भेदरलेले गाव, संकासुराला पाहून पळणारी पोरे आणि हा बजावणारा सरदार, सगळे एकच काम करीत असतात.

उलट बाजूही पाहावी. मूळ चित्रमालिकेत १९८३ साली बोबा फेट एका खड्ड्यातल्या प्राण्याच्या तोंडात पडून क्षुद्र मरण मरतो. मुलांनी ते मान्य केले नाही; गोष्टीची पुस्तके लिहिणाऱ्यांनी त्याला वर काढला. पुढे २०२१ च्या अखेरीस त्याच्यावर स्वतंत्र मालिका निघाली. तीत तो शिरस्त्राण काढून बसतो, आपली कर्मकथा सांगतो, भलेपणाने वागतो. पुष्कळ जुने चाहते हिरमुसले. त्यांचा बोबा फेट त्यांनी स्वतः केला होता, हा दुसराच कोणी निघाला.

तेव्हा मुक्या खलपुरुषाची मोहिनी कशात आहे, ते आता सांगता येईल. पहिली गोष्ट, तो रिकामा असतो आणि आपण त्याला आपल्या भीतीने भरतो. म्हणून तो प्रत्येकाला नेमका बसतो. दुसरी, त्याचे वजन इतरांच्या वागण्यातून येते; त्याला स्वतःला काही करून दाखवावे लागत नाही. तिसरी, तो कोणाला जाब देत नाही. मुलाचा सगळा दिवस जाब देण्यात जातो: कुठे होतास, पाटी कुठे आहे, हात धुतलेस का. जो कोणालाच उत्तर देत नाही, अशा माणसाची जागा घटकाभर आपल्याला मिळावी, हे त्या मुलाला वाटले तर नवल नाही. खरे सांगायचे तर आठ तास साहेबाला उत्तरे देणाऱ्या मोठ्या माणसालाही ते वाटते.

इथे आमच्या मुक्याचे रहस्य सांगून टाकले पाहिजे. दहावीनंतर आम्ही भोसरीकडच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये कामाला लागलो. प्लास्टिकचा दाणा वरून टाकायचा, तो आत तापून पातळ होतो, दाबाने साच्यात शिरतो, गार झाला की साच्याचे दोन अर्धे उघडतात आणि माल खाली पडतो. दाणा पुरेसा तापला नाही, दाब कमी पडला किंवा साच्याच्या कोपऱ्यात हवा अडकली, म्हणजे माल पुरता भरत नाही. आणि साचा झिजला, की बारीक खोदकाम पहिल्यांदा जाते. शिपायाचे बूट शाबूत राहतात, पट्टा राहतो. नाक आणि डोळे जातात. एके दिवशी मशीनसमोर असाच एक बिनचेहऱ्याचा तुकडा हातात आला आणि आम्ही खो खो हसलो. ज्याच्यासाठी आम्ही पाच दिवाळ्या भांडलो तो मुका म्हणजे झिजलेल्या साच्यातला रिजेक्ट माल होता, आणि म्हणून तो जत्रेत चार आण्याला मिळाला होता!

हे कळल्यावर तरी आम्ही शहाणे व्हायला हवे होते. झालो नाही.

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. पगारवाढीवर तोडगा दृष्टिपथात होता. अडले होते ते अठरा कंत्राटी कामगारांना कायम करण्यावर. शेवटच्या बैठकीला आम्ही गेलो तर टेबलाच्या टोकाला एक अनोळखी गृहस्थ बसलेले. परदेशी, काळा चष्मा, पुढ्यात उघडी वही. व्यवस्थापकांनी त्यांची ओळख करून दिली नाही. बोलणी चालू असताना ते एक अक्षर बोलले नाहीत. मधूनमधून वहीत काही लिहीत राहिले. चहा आला तो आधी त्यांच्यापुढे ठेवला गेला. व्यवस्थापक दोनदा त्यांच्याकडे पाहून थांबले, असे आम्हांला वाटले.

मधल्या सुट्टीत आमची मंडळी पायऱ्यांवर जमली.

"नाना, तो हेड ऑफिसचा दिसतोय."

"एक शब्द बोलत नाही, नुसता लिहितोय. प्लांट हलवायचा म्हणतात, तो हाच."

"आता ताणू नका नाना. आहे तेही जाईल."

आम्ही त्यांचे पुढारी. आम्ही म्हणायला हवे होते, की थांबा, आधी तो कोण ते विचारू. पण आमच्याही मनात त्या वहीत काय लिहिले जात आहे ह्याचीच चित्रे उठत होती. आत जाऊन आम्ही मागणी खाली आणली. अठरांपैकी सात कामगार कायम झाले, अकरांचा विषय 'पुढील करारात विचार करू' ह्या वाक्यात गेला. सह्या झाल्या.

आठ दिवसांनी मेंटेनन्समधला एक मुलगा भेटला. म्हणाला, "नाना, तो गोरा काल गेला. नवीन मशीन बसवायला आला होता. त्या दिवशी गाडी यायला उशीर होता, बाहेर ऊन, म्हणून साहेबांनी एसीत बसवला. त्याला ना मराठी येत होती ना हिंदी. वहीत वायरिंग काढत बसला होता."

कारखान्याला दोष द्यायची सोय इथे नाही. त्यांनी आम्हांला फसविले नाही. त्यांनी एका पाहुण्याला सावलीत बसविले. मुक्याला गुहेत बसविला तो आम्ही.

त्या अकरांपैकी एक जण आमच्याकडे आला. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "नाना, तुम्ही त्याला नाव का नाही विचारलं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढल्या मार्चमध्ये त्याचे कंत्राट संपले. पुढच्या कराराच्या वेळी 'विचार' करण्यासाठी त्या अकरांपैकी चारच जण तिथे उरले होते.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला आहे, आणि तरुण कार्यकर्त्यांना तो पहिल्याच दिवशी सांगतो. बैठक कोणतीही असो, आधी खोलीतल्या प्रत्येकाचे नाव आणि हुद्दा विचारायचा आणि वहीत लिहायचा. चहा आणणाऱ्याचाही. ह्याने कोणाचा अपमान होत नाही. ज्याला बोलायचे नाही त्याने बोलू नये. पण तो कोण, हे आपल्या वहीत असले पाहिजे.

हा नियम बैठकीपुरता नाही. आमच्या गावावर एक दुःखाचा दिवस येऊन गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका शेडला आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात गेल्या. मुलांच्या आनंदाची वस्तू करता करता त्या गेल्या. नंतर पुष्कळ लोक विचारीत होते, ह्यात दुष्ट कोण? चित्रपटाने आपल्याला सवय लावली आहे, की दुष्ट म्हटला म्हणजे त्याला शिरस्त्राण असेल, पट्ट्याचा आवाज येईल. पत्र्याच्या शेडमध्ये दारूगोळ्याची भुकटी किती ठेवली आहे, बाहेर पडायची वाट कोणती आहे, तपासायला कोण आले होते, ह्या प्रश्नांना चेहरा नसतो. ते प्रश्न मुके असतात, आणि आपण त्यांच्या शेजारून रोज कामाला जातो. मुक्या दुष्टाला भिण्यात आपण इतके रमतो, की खरा धोका शेजारी गप्प उभा असला तरी तो दुष्टासारखा दिसत नाही म्हणून आपण त्याला काही विचारीत नाही.

इथे त्या अमेरिकन खेळण्याची एक राहिलेली गोष्ट सांगतो. बोबा फेटच्या पाठीवर आधी एक उडणारे क्षेपणास्त्र असणार होते. जाहिरातही तशीच झाली होती. पण दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच खेळण्यातले क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावले. मग केनरने आपल्या बाहुल्याचे क्षेपणास्त्र पाठीला कायमचे पक्के करून टाकले आणि मुलांना तसे कळविले. उडणाऱ्या क्षेपणास्त्राचे जे थोडे नमुने कारखान्यात उरले, त्यांतले काही आज लिलावात लाखो डॉलरांना जातात. आम्हांला त्या लाखांचे कौतुक नाही. कोणीतरी टेबलावर तो बाहुला ठेवून विचारले, की हा मुलाच्या घशात गेला तर काय होईल? त्या शिकाऱ्याचे गूढ त्या प्रश्नाने रतीभरही कमी झाले नाही. फक्त मुले सुरक्षित झाली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला, त्यामागेही असेच कोणाचे तरी विचारणे आहे. तो शिक्का खेळण्यावर शोधावा, तसाच प्रश्न ते खेळणे जिथे बनते त्या शेडलाही विचारावा.

मुलांच्या हातातून मुका काढून घ्यावा, असे आम्ही म्हणत नाही. काढून घेऊही नये. अंधाराशी, अनोळखी माणसाशी आणि स्वतःच्या भीतीशी मूल पहिली ओळख करून घेते ते अशाच खेळण्याच्या हाताने; आणि तिथे धनी तेच असते. गेल्या दिवाळीत आमच्या नातवाच्या किल्ल्यावर एक शिरस्त्राणवाला बाहुला दिसला. कुठल्या चित्रपटातला, ते त्यालाही ठाऊक नव्हते. "आजोबा, हा कोण असेल?" त्याने विचारले. आम्ही त्याला काही सांगितले नाही. "तूच ठरव," म्हणालो. त्याने त्याला किल्ल्याखालच्या गुहेत बसविले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांला एका कारखान्यात बैठक होती. आत गेलो, वही उघडली आणि टेबलाच्या एका टोकापासून नावे विचारायला सुरुवात केली.